संतापातील शब्द आणि स्त्रीचा हक्क

तीन तलाकचा प्रश्न आता निकालात निघाला, असे सत्ताधारी गोटातून मोठ्या आत्मसंतुष्टपणे सांगण्यात येते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने एका दमात उच्चारलेला तलाक रद्दबातल ठरविला. ३१ जुलै २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने तो उच्चारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कागदावर प्रश्न मिटला. वस्तीत मात्र तो मिटलेला नाही. नवऱ्याने भांडणाच्या भरात तोंडातून शब्द काढला, सकाळी तो पस्तावला किंवा पस्तावला नाही. बायकोला मात्र सासू सांगते की तू आता या घरात हराम आहेस, शेजारी सांगतात की मुफ्तीला विचारा, आणि पोलीस ठाण्यातला हवालदार सांगतो की तक्रार दे, नवऱ्याला आत टाकतो. या तिघांच्या कचाट्यात सापडलेल्या स्त्रीला खरोखर काय हवे असते, हे विचारण्याची तसदी कोणीच घेत नाही.

रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दाला इस्लामी धर्मशास्त्राने किती वजन दिले, या प्रश्नाचा इतिहास आमच्या सभासदांना माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे. धर्मचिकित्सेची हौस म्हणून आम्ही हा विषय हाती घेतलेला नाही. मुस्लिम समाजाला रानटी ठरविणारे हिंदुत्ववादी आणि शरीयतचे एक अक्षरही बदलता येणार नाही म्हणणारे सनातनी मौलवी, हे दोघेही एकाच अज्ञानाच्या भांडवलावर व्यापार करतात. दोघांच्याही मते शरीयत म्हणजे आकाशातून उतरलेला, चौदाशे वर्षे जागचा न हललेला एकसंध दगड. इतिहास काही वेगळेच सांगतो.

इस्लामपूर्व अरबस्तानात नवरा संतापला म्हणजे बायकोला म्हणे, ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस.’ या शब्दप्रयोगाला जिहार म्हणत. या एका वाक्याने ती त्याची पत्नी राहत नसे, आणि दुसऱ्या कोणाची होण्यास मोकळीही होत नसे. खौला बिंत सअलबा या मदिनेतील स्त्रीला तिचा वृद्ध व शीघ्रकोपी पती औस बिन सामित याने रागाच्या झटक्यात असेच म्हटले. ती तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेली. तू त्याला निषिद्ध झालीस असे वाटते, असे उत्तर तिला प्रथम मिळाले, अशी नोंद परंपरेने केली आहे. खौला गप्प बसली नाही. तिने वाद घातला. माझे तारुण्य या माणसाच्या संसारात सरले, आता मुले त्याच्याकडे ठेवली तर त्यांची आबाळ होईल आणि माझ्याकडे ठेवली तर ती उपाशी मरतील, हा तिचा मुद्दा होता. तलाकच्या प्रश्नाचा आर्थिक गाभा सातव्या शतकातील या बाईने दोन वाक्यांत मांडला होता. कुराणाच्या ५८ व्या अध्यायाचे नावच ‘अल्-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री, असे आहे. त्या अध्यायाने जिहारचा शब्द हा अनुचित व खोटा शब्द ठरविला, त्याने विवाह मोडत नाही असे सांगितले, आणि दंड ठेवला तो नवऱ्याला: एक गुलाम मुक्त करावा, ते न जमल्यास सलग दोन महिने उपवास करावा, तेही न जमल्यास साठ गरिबांना जेवू घालावे.

येथे तत्त्व स्पष्ट आहे. रागावलेल्या पुरुषाच्या शब्दाची किंमत पुरुषाने मोजावी, स्त्रीने नव्हे. ईला, म्हणजे पत्नीजवळ न जाण्याची शपथ, या दुसऱ्या जुन्या चालीवरही अशीच मर्यादा पडली. अशी शपथ घेऊन पत्नीला वर्षानुवर्षे अधांतरी लोंबकळत ठेवता येणार नाही, चार महिन्यांच्या आत परत ये किंवा मोकळे कर, असे बंधन आले. टोळीसमाजातील पुरुषाच्या निरंकुश सत्तेला त्या काळाच्या मर्यादेत घातलेला हा लगाम होता. त्याहून अधिक काही त्यात शोधणे अनैतिहासिक होईल. आणि इतकेही त्यात नव्हते असे म्हणणे हा शुद्ध द्वेष होय.

मग हा लगाम सुटला कसा? सहीह मुस्लिममध्ये इब्न अब्बास यांच्या नावे एक प्रसिद्ध कथन आहे. पैगंबरांच्या काळात, खलिफा अबू बक्र यांच्या काळात आणि खलिफा उमर यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत एका वेळी दिलेले तीन तलाक एकच मानले जात. म्हणजे इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याला शब्द मागे घेता येई. पुढे उमर यांनी पाहिले की जेथे सबुरी हवी तेथे लोक घाई करू लागले आहेत. तेव्हा घाई करणाऱ्यांना त्यांच्या घाईचे फळ भोगू द्यावे म्हणून तीन हे तीनच धरण्याचा हुकूम त्यांनी दिला. असे तलाक देणाऱ्यांना उमर फटके मारवीत, असेही वृत्तांत आहेत. हा राज्यकर्त्याने काढलेला प्रशासकीय हुकूम होता, आणि त्याचा हेतू उतावळ्या पुरुषाला अद्दल घडविण्याचा होता. फटके काळाच्या ओघात गेले, हुकूम राहिला, आणि अद्दल घडत राहिली स्त्रीला. पुरुषाला शिक्षा करण्यासाठी केलेला कायदा स्त्रीच्या मानगुटीवर कसा बसतो, याचे हे उदाहरण वाचकांनी लक्षात ठेवावे. २०१९ च्या कायद्याचा विचार करताना ते उपयोगी पडणार आहे.

आता रागाचा मुद्दा. हजरत आयेशा यांच्या नावे एक हदीस सांगितली जाते की ‘इग्लाक’ अवस्थेत तलाकही नाही आणि गुलामाची मुक्तताही नाही. इग्लाक म्हणजे बंद होणे, कोंडले जाणे. कोणी त्याचा अर्थ जबरदस्ती असा केला; ही हदीस आपल्या संग्रहात घेणाऱ्या अबू दाऊद यांनी मला वाटते तो राग होय असे नोंदविले. काझीने रागाच्या अवस्थेत दोघांच्या वादाचा निवाडा करू नये, अशीही हदीस आहे. दोन परक्या माणसांच्या उंटाचा निवाडा रागात करता येत नाही, पण स्वतःच्या बायकोच्या जन्माचा निवाडा करता येतो, ही विसंगती कोणाही विचारी माणसाच्या ध्यानात येण्यासारखी आहे. ती शास्त्रकारांच्याही ध्यानात आली होती. दमास्कसचे हंबली पंडित इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी रागातील तलाकवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आणि रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर माणूस रागावलेला असतो, पण आपण काय बोलतो हे त्याला पुरते कळते. तेथे तलाक लागू होतो. शेवटच्या पायरीवर त्याला काहीच कळत नाही. तेथे तो लागू होत नाही. मधल्या पायरीवर कळते, परंतु आवरत नाही. तेथेही तो लागू होऊ नये, असा त्यांचा व त्यांचे गुरू इब्न तैमिया यांचा कल होता. जाफरी शिया पंथाने तर दोन विश्वसनीय साक्षीदार, ठरावीक शब्द आणि निश्चित इरादा यांच्यावाचून तलाक मानलाच नाही.

हनफी पंथाने मात्र, आणि भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, कठोर वाट धरली. थट्टेत दिलेला तलाक लागू, नशेत दिलेला लागू, इतकेच काय, मानेवर तलवार ठेवून देवविलेलाही लागू. रागाचा तर प्रश्नच नाही. तलाक रागातच दिला जातो, खुशीत कोण देतो, हे मुफ्तींचे ठरलेले उत्तर. (उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड आहे, केवळ त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रागाशिवाय जे घडतच नाही, त्याला रागाच्या क्षणीच अंतिम रूप देणारा कायदा शहाणा कसा?) तरीही खुद्द हनफी परंपरेतही फट होतीच. दमास्कसचेच इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी ‘मदहोश’, म्हणजे ज्याची शुद्ध संतापाने हरपली आहे अशा माणसाचा तलाक लागू होत नाही असे लिहिले, आणि त्यासाठी तो संपूर्ण बेभान असलाच पाहिजे असे नाही, त्याच्या बोलण्यात बरळणे वरचढ झाले असले तरी पुरे, असेही म्हटले.

शब्दाला एवढे अमानुष वजन देण्यात कोणाचे हित गुंतले होते, हा प्रश्न भौतिकवादी दृष्टीने विचारल्यावाचून गत्यंतर नाही. उमय्या राजवटीत इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळापासून राजनिष्ठेच्या शपथेत तलाकची अट घालण्याचा प्रघात पडला, असे ग्रंथकार सांगतात. मी खलिफाशी बेइमानी केली तर माझ्या बायकांना तलाक, माझे गुलाम मुक्त, अशी शपथ प्रजाजनांकडून वदवून घेतली जाई. अशा वेळी जबरदस्तीचा तलाक लागू होत नाही असे म्हणणे म्हणजे जबरदस्तीची राजनिष्ठाही लागू होत नाही असे म्हणणे होते! मालिकी पंथाचे संस्थापक मालिक बिन अनस यांनी मदिनेत तसे म्हटले, आणि अब्बासी खलिफा मन्सूर याच्या सुभेदाराने ७६३ च्या सुमारास त्यांना फटक्यांची शिक्षा दिली, असे वृत्तांत सांगतात. तलाकच्या शपथेने बायको जात नाही, मोडलेल्या शपथेचे प्रायश्चित्त पुरे, असे सांगणाऱ्या इब्न तैमियांना १३२० च्या सुमारास दमास्कसच्या किल्ल्यात काही महिने कैदेत काढावे लागले. हे गृहस्थ कोणत्याही अर्थाने पुरोगामी नव्हते, हे आम्ही जाणतो. मुद्दा एवढाच की सत्ताधाऱ्यांना पुरुषाचा शब्द बांधून घ्यायचा होता, आणि त्या शब्दाला तारण म्हणून ठेवली होती ती घरातली स्त्री.

हिंदुस्थानात या प्रकरणाला वसाहतवादाची जोड मिळाली. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि ते कंपनी सरकारच्या न्यायाधीशांचे हुकमी शस्त्र बनले. मुफ्तीला निदान समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून फट शोधता येत असे. साहेबाला पुस्तक पुरेसे होते. १९०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात साराबाई विरुद्ध राबियाबाई या खटल्यात पत्नीच्या पश्चात दिलेला तलाक मान्य करताना न्यायमूर्ती बॅचलर यांनी, हा प्रकार धर्मशास्त्रात वाईट असला तरी कायद्यात ग्राह्य आहे, असा अभिप्राय दिला. हे सूत्र पुढे शतकभर वकिलांच्या तोंडी राहिले. १९३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यावर कळस चढविला. एका गृहस्थाने १९०५ मध्ये पत्नीला तीन तलाक उच्चारले होते. त्यानंतर ती दोघे पंधरा वर्षे, त्याच्या मृत्यूपर्यंत, एकत्र राहिली. त्यांना पाच मुले झाली. मालमत्तेचा वाद लंडनला गेला तेव्हा कौन्सिलने सांगितले की नवऱ्याचा मनोमन इरादा काय होता हे पाहण्याचे कारण नाही, शब्द उच्चारला तेथे विवाह संपला. पाचही मुले अनौरस ठरली आणि वारसा दुसऱ्यांकडे गेला. माणसाच्या पंधरा वर्षांच्या वागणुकीपेक्षा त्याच्या एका क्षणाच्या वाक्याला अधिक मान देणारा हा निवाडा कोणा मौलवीचा नव्हता. तो साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाचा होता.

रागाच्या या साऱ्या शास्त्रात एक गोष्ट मात्र कोणत्याही पंथाने फारशी चर्चिली नाही, आणि ती म्हणजे स्त्रीचा राग. तिने दिवसभर तलाक तलाक म्हटले तरी काही घडत नाही. निकाहनाम्यात नवऱ्याने तफवीजच्या मार्गाने तलाकचा अधिकार तिला सोपविला असेल तरच तिच्या शब्दाला जोर येतो. खुला मागायचा तर हनफी परिपाठानुसार नवऱ्याची संमती हवी, आणि बहुधा मेहरवर पाणी सोडावे लागते. ब्रिटिश अमदानीत छळातून सुटण्यासाठी काही मुस्लिम स्त्रिया धर्मांतर करू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कडव्या आलिमांनाही मालिकी पंथाचे नियम उसने घेण्याची वाट सुचवावी लागली, आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. स्त्रीला घटस्फोट मिळू लागला, पण कोर्टातून, कारणे सिद्ध करून, साक्षीपुरावे देऊन. पुरुषाला श्वासाइतका वेळ पुरे, स्त्रीला वर्षे. ज्या आलिमांना १९३० च्या दशकात दुसऱ्या पंथाचा नियम घेताना धर्म बुडाल्यासारखे वाटले नाही, त्यांच्या वारसांना पुढे एका बैठकीतले तीन तलाक एक मानताना मात्र धर्म बुडाल्यासारखे वाटावे, याचा अर्थ काय घ्यायचा?

२०१६ मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, ते या संदर्भात संग्राह्य आहे. पुरुषाला तलाकचा अधिकार दिला, कारण त्याची निर्णयशक्ती अधिक असते, तो भावना आवरू शकतो आणि घाईने निर्णय घेत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच प्रतिज्ञापत्रात असेही होते की घटस्फोटाची वाट अवघड केली तर नवरा बायकोचा खून करण्याच्या किंवा तिला जाळण्याच्या थराला जाईल. भावना आवरणारा पुरुष तो हाच! रागातील तलाकवर जे शेकडो फतवे निघाले ते सगळे स्वतःला आवरू न शकणाऱ्या नवऱ्यांच्या प्रश्नांतून निघाले, ही साधी वस्तुस्थिती बोर्डाच्या विद्वानांनी नजरेआड केली. आणि शब्द अंतिम ठरल्यावर पस्तावलेल्या नवऱ्याला बायको परत हवी असेल तर तिने दुसऱ्याशी निकाह करून, संबंध ठेवून, तेथूनही सुटून यावे, हा हलालाचा मार्ग दाखविला जातो. चूक त्याची, देह तिचा. ठरवून केलेल्या अशा हलालाचा धिक्कार हदीसांतच आहे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र फार थोडे मौलवी घेतात. एका बैठकीतले तीन तलाक एकच मानणारा अहले हदीस पंथ याच देशात, याच वस्त्यांत नांदतो. त्यांचे संसार अधिक अधार्मिक झाल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नावर रस्त्यावर उतरण्याचा पहिला मान हमीद दलवाई यांनी संघटित केलेल्या सात मुस्लिम स्त्रियांकडे जातो. १८ एप्रिल १९६६ रोजी त्या मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, आणि शाहबानो निकालाच्या वादळात, १९८५ मध्ये, कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने तलाक मुक्ती मोर्चा निघाला. दलवाईंच्या सर्वच राजकीय मतांशी सहमत होणे कोणालाही भाग नाही. सात स्त्रियांचे धाडस त्यामुळे कमी होत नाही. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने सनातन्यांपुढे गुडघे टेकून मुस्लिम महिला कायदा आणला तेव्हा डाव्या पक्षांनी संसदेत त्याला विरोध केला. जवळजवळ त्याच सुमारास अयोध्येत कुलूप उघडले गेले. एका जमातवादाला दिलेली खिरापत दुसऱ्याला देऊन फेडता येते, हा त्या सरकारचा हिशेब होता. देश अजून त्याचे व्याज भरतो आहे.

न्यायालयांतही विवेकाचा आवाज होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात आणि न्यायमूर्ती बहारूल इस्लाम यांनी गुवाहाटी उच्च न्यायालयात असे दाखवून दिले की नवऱ्याच्या लहरीवर चालणारा तलाक कुराणालाच धरून नाही. कारण हवे आणि दोन्ही घरांच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न आधी झालेला हवा. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण खटल्यात पूर्णपीठाने आणि त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र उचलून धरले. पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे’ असे लिहिले म्हणजे तलाक झाला, ही सोय तेव्हाच बंद झाली. संतापाच्या भरात, समेटाचा प्रयत्न न करता फेकलेल्या शब्दाचा कायदेशीर आधार अशा रीतीने २००२ मध्येच ढासळला होता. २०१७ चा निकाल महत्त्वाचा खराच, परंतु मुस्लिम स्त्रीला न्याय मिळण्याचा पहाट-क्षण एका विशिष्ट पंतप्रधानांच्या कारकिर्दीतच उगवला, ही प्रचारकांची कथा खोटी आहे. त्या निकालामागे याचिका करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या संघटना होत्या.

मुस्लिम बहुसंख्य देशांकडे पाहिले तरी शरीयत अपरिवर्तनीय असल्याचा दावा टिकत नाही. इजिप्तने १९२९ मध्येच नशेतील व जबरदस्तीचा तलाक निष्फळ ठरविला आणि एकदम उच्चारलेले तीन एक मानले. सिरियाच्या १९५३ च्या कायद्याने मदहोशाचा तलाक, म्हणजे संतापाने विवेक गमावलेल्याचा तलाक, लागू होत नाही असे कलमातच लिहिले. दमास्कसच्या जुन्या पंडितांचा शब्द दमास्कसच्याच राज्यकर्त्यांनी उचलला. मोरोक्कोनेही अतिसंतापाचा अपवाद कायद्यात घातला. ट्युनिशियाने १९५६ मध्ये कोर्टाबाहेरचा घटस्फोटच रद्द केला. पाकिस्तानात लष्करशहा अयुबखानाच्या १९६१ च्या वटहुकुमाने तलाकची लेखी सूचना युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला देणे बंधनकारक केले. सूचनेनंतर ९० दिवस तलाक अमलात येत नाही, त्या काळात समेटाचा प्रयत्न होतो. तेथेही शिक्षा आहे, पण ती सूचना न दिल्याबद्दल. शब्दाबद्दल नव्हे. सर्वत्र सर्व सुरळीत आहे असे मात्र नाही. २०१७ मध्ये इजिप्तच्या अध्यक्षांनी तोंडी तलाक बंद करण्याची सूचना केली तेव्हा अल्-अझहरच्या ज्येष्ठ आलिमांनी ती फेटाळून लावली.

आता २०१९ च्या कायद्याकडे वळू. राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी तो संमत झाला. तलाक-ए-बिदत निरर्थक व बेकायदा ठरविणे, पत्नीला व मुलांना निर्वाहभत्ता देणे, अज्ञान मुलांचा ताबा तिच्याकडे देणे, ही कलमे स्वागतार्हच होत. आक्षेप आहे तो कैदेच्या कलमाला. ज्या शब्दाने कायद्याच्या दृष्टीने काहीच घडत नाही, विवाह होता तसाच राहतो, तो शब्द ३ वर्षांच्या कैदेचा गुन्हा कसा? कलमात शांतपणे कट करून बायकोला हाकलणारा आणि भांडणात तोंडातून शब्द गेलेला, यांत भेद नाही. मध्ययुगीन पंडित निदान बोलणाऱ्याच्या मनःस्थितीची चौकशी करीत. आमच्या आधुनिक कायदेमंडळाने तीही अनावश्यक मानली. शिवाय तक्रार पत्नीनेच केली पाहिजे असे नाही, तिचे रक्ताचे किंवा लग्नाने झालेले नातेवाईकही करू शकतात. नवरा तुरुंगात गेला, यंत्रमागावरची त्याची रोजी बुडाली, तर निर्वाहभत्ता द्यायचा कोठून? मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत कांड्या भरणाऱ्या बाईला हा हिशेब विधिमंत्र्यांपेक्षा चांगला समजतो. म्हणूनच पुष्कळदा ती तक्रारच करीत नाही, आणि नवरा तीन शब्द न उच्चारता तिला माहेरी धाडून देतो. घाईच्या पुरुषाला अद्दल घडविण्याचा सातव्या शतकातील हुकूम जेथे जाऊन पोहोचला, तेथेच एकविसाव्या शतकातील हा कायदा पोहोचण्याचा धोका आहे.

आणि हिंदू नवऱ्याचे काय? ‘चालती हो’ या दोन शब्दांनी महाराष्ट्रात घरोघर संसार मोडले आहेत. टाकलेली बाई हा शब्द मराठीला उर्दूतून उसना घ्यावा लागला नाही. परित्यक्तांच्या प्रश्नावर १९८० च्या दशकापासून या राज्यातील स्त्री-चळवळ आवाज उठवीत आली आहे. बायकोला वाऱ्यावर सोडणे एवढ्याच कारणासाठी हिंदू पुरुषाला ३ वर्षांची कैद सांगणारे कलम कोणी आणलेले नाही. त्याला लागू आहेत ती पोटगीची, छळाची आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची कलमे. ती मुस्लिम पुरुषालाही लागू आहेतच. मग एकाच कृत्याला धर्म पाहून तुरुंग का? मुस्लिम स्त्रीचा कळवळा सांगणारे सरकार मुस्लिम पुरुषाच्या अटकेतच तो व्यक्त करते, यातील राजकारण न समजण्याइतकी कष्टकरी जनता भोळी नाही. पण, आणि हे आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, सरकारच्या हेतूबद्दलच्या रास्त संशयाचा फायदा घेऊन वस्तीतला कोणी पुढारी ‘हा समाजाचा आतला मामला आहे’ असे म्हणू लागला तर त्यालाही आमच्या सभासदांनी जागेवरच विरोध केला पाहिजे. अल्पसंख्याकांवरील हल्ल्याचा प्रतिकार करताना अल्पसंख्य समाजातील स्त्रीला ओलीस ठेवता येणार नाही. हा प्रतिकार आणि तिच्या हक्काचा लढा या दोन वेगवेगळ्या आघाड्या आहेत असे जो समजतो, त्याला दोन्हींपैकी एकही कळलेली नाही.

तलाक-ए-अहसन आणि तलाक-ए-हसन हे टप्प्याटप्प्याचे प्रकार २०१९ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. त्यांत तीन महिन्यांचा अवधी मिळतो, राग निवळण्यास वाव असतो, म्हणून ते बिदतपेक्षा निःसंशय बरे. तथापि निर्णय एकट्या पुरुषाचाच. महिन्यातून एकदा पोस्टाने येणारा तलाकनामा रागाचा नसेल, थंड डोक्याचा असेल. ज्या स्त्रीचे घर जाते तिला त्या थंडपणाचे कौतुक ते काय? स्त्री व पुरुष या दोघांनाही समान कारणांवर, समान पद्धतीने, न्यायालयासमोर आणि पोटगी, निवारा व मुलांची सोय लागल्यावरच विवाहविच्छेद मिळावा, ही मागणी सर्व धर्मांच्या बाबतीत सारखीच केली पाहिजे.

तोपर्यंत हाताशी जी साधने आहेत ती वापरण्यात आळस होता कामा नये. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रियेतील सर्वसाधारण पोटगीचा मार्ग खुला आहे. जुने कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. नवऱ्याने रागात शब्द उच्चारला असेल तर स्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे की तिचा विवाह मोडलेला नाही, घर सोडण्याचे तिला कारण नाही, आणि कोणाचाही फतवा तिला कायद्याने बाहेर काढू शकत नाही. फिर्याद करायची की नाही हे तिने ठरवावे. केल्यानंतरही तडजोड हवी असेल तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने ती तिच्याच इच्छेवर होऊ शकते, हेही तिला ठाऊक असावे. महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी निकाहाच्या आधीच मुलीच्या आईबापांना गाठून निकाहनाम्यात तफवीजची अट आणि मेहरची रक्कम स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह धरावा. हैदराबाद, इंदूर, बेळगाव, मालेगाव, जेथे जेथे आपल्या शाखा विडी व यंत्रमाग कामगारांत काम करतात, तेथे युनियनच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस पोटगीच्या व घरकुलाच्या अर्जांसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी टेबलापलीकडे एखादी स्त्री कार्यकर्ती बसलेली असावी.